महादेवाचे दगड

सकाळपासून शिवकन्या गावभर दारं ठोठावत होती, पण एकही दगड हाती लागला नव्हता. पडक्या महादेवाची डागडुजी गावकऱ्यांना सोबत घेऊन करायची, असं पुरातत्त्वच्या साहेबांनी ठरवलं होतं. देवळातून घरोघरी गेलेले कोरीव दगड मात्र आधी परत यायला हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले, हर हर महादेव केला आणि समितीच्या अध्यक्षपदाचा हार शिवकन्येच्या गळ्यात घातला.

आता तेच लोक दार लोटून घेत होते.

बंकटच्या गोठ्यात देवळाचा खांब रोवलेला होता. म्हैस कधीच चारा छावणीवर गेलेली. "म्हैस माघारी आल्यावर तिला कुठं बांधू?" तो म्हणाला. कौशल्याबाईचा उंबराच देवळाचा. "उंबरा काढला तर घर बसंल, बाई."

दूध संस्थेत धर्मराज चेअरमन कोरीव शिळेवर खुर्ची टाकून बसला होता. दुष्काळात दूध आटलं, संकलन बंद पडलं, खुर्ची तेवढी चालू होती.

"चेअरमन, तुमी तरी द्या. समदे तुमच्याकडंच बोट दाखवतेत."

"संस्थेची मालमत्ता हाय. ठराव लागतो." मग तो हसला. "आन दुसऱ्याच्या दारात कशाला फिरती? तुज्या न्हाणीतला दगड कुणाचा हाय?"

शिवकन्येचा चेहरा खर्रकन उतरला. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच दगडावर धुणं आपटत होती.

तणतणत घरी येऊन तिनं पहार घेतली. बंकटला हाक मारली. दुसऱ्याचा दगड उचलायला तो पळत आला. दगड उलथला, तर खालच्या अंगाला आरशात बघणारी कोरीव बाई निघाली. नाकीडोळी शाबूत.

सासू बायनाबाई दारात उभी राहून बघत होती. आता ही अंगावर येणार, म्हणून शिवकन्येनं जीव मुठीत धरला.

"आत्या, हा न्यावा लागतोय."

"ने की. टँकर येतो तो प्यायलाच पुरंना. धुण्याला पाणी हाय कुठं?"

शिवकन्येला हायसं वाटलं. दोघांनी दगड हातगाड्यावर चढवला. गाडा वळणावर गेला तशी बायनाबाई रस्त्यावर येऊन ओरडली,

"पाऊस पडला की तेवढा माघारी आणून टाक गं!"