सायलीचा दिवाळसण

"आधी उटणं, मग आंघोळ, मग काय बोलायचं ते बोला," छबूबाईंनी जावयाला दारातच बजावलं. योगेशच्या पायात अजून बूट होते.

पाडव्याचे सकाळचे दहा वाजले होते. योगेश आणि त्याचे चुलते भागवतराव केडगावहून कर्जतपर्यंत मोटारसायकलवर आले होते, दोघांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. छबूबाईंना त्याचं काही नव्हतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण, आणि दिवाळसणाला जावयाला उटणं लावायचं, ओवाळायचं, नवा पोशाख करायचा. लग्न वैशाखात झालं होतं. सायली श्रावणात डेंग्यूनं गेली. लेक गेली म्हणून जावई परका होतो का, असं छबूबाईंचं म्हणणं.

खरं तर वर्षाच्या आत माणूस गेलेल्या घरात दिवाळीला कढई चढवत नाहीत. शेजारणी डबे भरून फराळ आणून देतात, त्यावर सण भागवायचा. पण परवा योगेशचा फोन आला, "पाडव्याला येतो" एवढंच म्हणाला, आणि त्या दोन शब्दांवर बाईंनी अख्खा सण उभा केला. करंज्या झाल्या, चकल्या झाल्या. जाऊ म्हणाली, लोक काय म्हणतील? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, म्हणून छबूबाईंनी पुढचा घाणा तेलात सोडला. नवरा आसाराम अडवायला गेले नाहीत. अडीच महिन्यांत बायको पहिल्यांदाच आपण होऊन चुलीपुढं बसली होती.

आता पाटाभोवती रांगोळी होती आणि पाटावर योगेश.

"मामी, राहू द्या."

"गप बसा. पहिला सण हाय." छबूबाईंनी त्याचा हात ओढून घेतला आणि कोपरापर्यंत उटणं चोळलं. चोळता चोळता त्यांना त्याचं मनगट बारीक लागलं. "लई वाळलात, जावईबापू. घरी सैपाक कोन करतं?"

भागवतराव खाकरले.

"तेच सांगायला आलोय, विहीणबाई."

भागवतराव वाईट नव्हते. वाईट असते तर फोनवरच उरकून मोकळे झाले असते. त्यांनी पिशवीतून लुगडं काढलं, टॉवेल-टोपी काढली, पेढ्यांचा पुडा काढला आणि सगळं चटईवर मांडलं.

"हे उलटंच की!" छबूबाई हसल्या. "दिवाळसणाला आहेर आमी करायचा. तुमी कशाला आनला?"

आसारामांना कळलं होतं. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"दिवाळीचं न्हाई, दुखवट्याचं हाय," भागवतराव हळू म्हणाले. "तुमी लुगडं अंगाला लावा, पेढा तोंडात टाका, म्हंजे दोन्हीकडलं दुःख मोकळं झालं. पोराचं जमवलंय आमी. तुळशीचं लग्न झालं का तारीख धरायची. पन तुमच्या मनाशिवाय त्याला हळद लावायची न्हाई, म्हनून आलो."

छबूबाईंचा हात थांबला. योगेश मान खाली घालून बसला होता, एक हात पिवळा, एक कोरडा. न्हाणीत तापलेल्या पाण्याची वाफ दारापर्यंत येत होती.

कोण कुणाला काय बोलणार? सव्वीस वर्षांच्या पोरानं जन्मभर एकट्यानं जेवावं, असं म्हणायला दगडाचं काळीज लागतं. छबूबाईंचं तसं नव्हतं, आणि त्यांचा घात नेमका तिथंच झाला. त्यांनी हात पदराला पुसले. लुगड्याची घडी खांद्याला लावली. पेढा तोंडात टाकला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला आणि तोवर कुणीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

मग त्या एकदम बोलायला लागल्या, भराभरा.

"बेस झालं. आता आसं करा, पुढल्या दिवाळीला दोघंबी हितंच या. पोरीचा दिवाळसण आमी करू. सायलीच्या जागी आली म्हंजे माझीच लेक की ती. तिला म्हनावं, तुझं आनखी एक माह्यार हाय कर्जतला. समदी करत्यात तसं. करत्यात का न्हाई?"

करतात. गेलेल्या लेकीच्या जागी जी येते तिला लेक मानतात, सणावाराला आणतात, साडीचोळी करतात. तिच्या पोरांना नातवंडं म्हणतात. छबूबाईंनी पेढा गिळला तो या एका आशेवर. दुसरं काही त्यांच्याजवळ उरलंच नव्हतं.

योगेशनं चुलत्याकडं बघितलं. भागवतरावांनी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला.

"पोरीकडल्या मान्सांनी आधीच अट घातलीय, विहीणबाई. पयल्या घरी येनं-जानं नको म्हनत्यात. आन् आमी तरी कोनत्या तोंडानं म्हनावं? त्या पोरीला आईबाप हायेत."

"हायेत का?"

"हायेत."

"दोघंबी?"

"दोघंबी."

छबूबाई चटईवर बसल्या. त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडं तोंड केलेल्या नवऱ्याला, चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं,

"आवं, ऐकलं का? पोरीला आईबाप हायेत म्हनं."