सांध्यातली गुलाबी रेघ

बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात गुलाबी रेघ दिसली आणि कुमुद चटकन खाली वाकली. सांध्यांत भरलेल्या जिवंत सिमेंटला आंघोळीच्या पाण्यातून आजार कळायचा आणि ते गुलाबी व्हायचं. मागे अशीच रेघ उमटली, तेव्हा तिचे यजमान जनार्दनराव कॅन्सरमधून जेमतेम वाचले होते. ते बरे होईपर्यंत तो रंग कितीही घासला तरी गेला नव्हता.

तिने सोडा टाकला, ब्रश घेतला आणि डोळे मिटून घासत राहिली. डोळे उघडले, तर सांधा पांढराशुभ्र!

"अहो, इथे काय सांडलं होतं?"

जनार्दनराव दारात येऊन ओशाळले. "बिटाचा रस. तू रोज देतेस ना, तो मी इथेच ओततो."

कुमुद ओल्या फरशीवरच बसली.

"ओता हो," ती डोळे पुसत हसली, "खुशाल ओता."