दुकानदाराचं नाणं

"भाऊ, अजून एकदा बघा ना," वत्सलाबाई म्हणाल्या.

नाशिकच्या रामकुंडात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या सकाळपासून हेच म्हणत होत्या. रावजी दोरीला लोहचुंबक बांधून लोकांनी वाहिलेली नाणी काढायचा. तोही आता कंटाळला होता. "मावशी, चुंबकाला रुपाया चिकटतो. तांबं नाय चिकटत."

गंगेला तांबं वाहावं म्हणतात, पण हल्ली तांब्याचा पैसा असतो कुणाकडे? काल नवरा, सावळीराम, दवाखान्यात बेशुद्ध होते; बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. नर्सनं दिलेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात तांब्याचं एक नाणं निघालं. तेच त्यांनी "यांना शुद्धीवर आण" म्हणत पाण्यात सोडलं.

नाणं अमेरिकेतलं होतं. तिथल्या जुन्या यादवी युद्धात सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा दुकानदारांनी आपापली नाणी पाडली. हे एका पाववाल्याचं. सावळीरामांनी जन्मभर असलीच नाणी जमवली. डोळे मिटून नुसत्या अंगठ्यानं ते खरं-खोटं ओळखायचे. खोटं निघालं की बाजूला सारायचे.

आज पहाटे त्यांनी डोळे उघडले. वाचा गेली होती. हात सारखा छातीशी जाऊन खिशातलं नाणं शोधत होता. लेकीचा, हर्षालीचा, दवाखान्यातून मघापासून तिसरा फोन येऊन गेला होता.

बाईंचे डोळे बघून रावजी शेवटी पाण्यात उतरला. पायानं गाळ चाचपत गेला, वाकला आणि वर आला. तळहातावर तांब्याचं नाणं, त्यावर पावाचं चित्र.

बाईंनी झडप घालून ते घेतलं. आनंदानं त्यांना रडूच फुटलं.

"गंगेला काय मागितलं होतं?" रावजीनं सहज विचारलं.

"ते शुद्धीवर यावेत म्हणून."

"आले?"

"आले."

रावजी दोरी गुंडाळत राहिला. बाईंना मात्र वाटलं, आपण दिलेलं परत नेलं, तर गंगाही तिनं दिलेलं परत नेईल. बराच वेळ त्या मूठ आवळून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मूठ पाण्याखाली नेली आणि उघडली.

दवाखान्यात सावळीरामांचा हात अजून छातीशीच होता. बाईंना काही सुचेना. त्यांनी आपलं ओलं बोट त्यांच्या चिमटीत दिलं.

सावळीरामांनी डोळे मिटले. अंगठा बोटावरून सावकाश फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग बोट हलकेच बाजूला सारलं.