लाजलेला खेकडा

क्वार्टेसाहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि खबरदारी म्हणून दोन पावलं मागे सरकले.

"'खेकडा लाजला,'" तेइकोनं वाचलं. "लाजलेला खेकडा चित्रात काढायचा कसा? खेकडा लाल होतो तो फक्त शिजवल्यावर."

"हे बाईंना कळवू?"

"जसंच्या तसं."

दुसऱ्या दिवशी साहेब तोच कागद घेऊन परत आले. समासात बाईंनी लिहिलं होतं, 'मग शिजवा.'

तेइको खूप वेळ हसला. मग साहेब हसत नाहीत हे लक्षात आलं आणि थांबला.

कोंबडी आणि खेकडा एका खोलीत राहतात, भांडतात आणि शेवटी एकमेकांना सांभाळून घेतात, अशी ती चित्रपुस्तकं होती. शब्द बाईंचे, चित्रं तेइकोची. क्वार्टेसाहेब ती छापायचे आणि अक्रा शहरातल्या शाळांत मुलं ती फाटेस्तोवर वाचायची. वर्गात मारामारी झाली की शिक्षक पुस्तकावरची दोन नावं दाखवून म्हणायचे, बघा, ही दोघं कशी मिळून काम करतात.

ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

त्याला कारण तिसरं पुस्तक. त्यात तेइकोनं कोंबडीला बाईंची मान दिली. मुद्दाम नव्हे. मान काढायला बसला आणि तीच आठवली. पुस्तक निघालं, आणि बाई मासळीबाजारातून जाऊ लागल्या की पोरं मागून कॉक-कॉक करू लागली. बाईंनी बोलणं सोडलं. लिहिणं सोडलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात खेकड्याचं काही ना काही वाईट झालं. एकदा त्याच्यावर नारळ पडला. एकदा तो वरातीच्या बँडमध्ये, तुतारीत अडकला. तेइकोनं सगळं मन लावून रंगवलं.

"आता एक अडचण आहे," क्वार्टेसाहेब म्हणाले. "शाळामंडळाला कुणीतरी सांगितलंय. ते म्हणतात, जी माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांच्याकडून आमची पोरं काय शिकणार? शुक्रवारी तुम्ही दोघांनी एका बाकावर बसून वाचून दाखवायचं. नाहीतर ही पुस्तकं बंद. त्याऐवजी त्यांना एक जिराफ मिळालाय."

"कसला जिराफ?"

"शिस्तप्रिय."

तेइकोनं ब्रश धुतला. स्वच्छ होता, तरी धुतला. पुस्तकं बंद म्हणजे कागद बंद, निरोप बंद. बाईंचा आवाज तर केव्हाच गेला होता. समासातलं अक्षर तेवढं उरलं होतं. आता तेही जिराफ खाणार.

"बाई येणार?"

"काही बोलल्या नाहीत," साहेब म्हणाले. "तुमच्याबद्दल विचारलं की त्या बोलतच नाहीत."

संध्याकाळी मेहुणी कोर्कोइ डोक्यावर झाकलेलं जेवण घेऊन आली. तेइको पुरुषांच्या घरात राहायचा, काका आणि भावांच्या खोल्यांशेजारी. बायको दोन गल्ल्या पलीकडे, बायकांच्या घरात, आईबहिणींसोबत. समुद्राकाठच्या या जुन्या वस्तीत गा जमातीच्या लोकांची लग्नं अशीच नांदतात. बायकोकडून संध्याकाळचं जेवण येतंय तोवर लग्न शाबूत आहे. बाकी सगळे तपशील.

"काय दाजी, शुक्रवारी म्हणे नटूनथटून बाईंशेजारी बसणार?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या मासळीबाजारानं. या वयात लाज नाही वाटत?"

"शिजवल्यावर वाटेल."

"अं?"

"काही नाही. तुझी बहीण काही म्हणाली?"

"म्हणाली, थाळी धुवून पाठवा."

रोज एवढंच म्हणायची. तेइकोनं मक्याचा केंके मोडला, माशाला लावला आणि तसाच धरून बसला. शेजारच्या खोलीत भावांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. त्यानं दार लावून घेतलं आणि खेकड्याची वाक्यं भिंतीला म्हणून दाखवली. भिंतीला आवडली असावीत.

शुक्रवारी, बायकोनं घेतलेलं निळं कापड पांघरावं की नाही यावर त्यानं बराच विचार केला. शेवटी पांघरलं. वाटेत एकदा परत फिरला. मग परत फिरल्याची लाज वाटून पुन्हा निघाला.

बाई आल्या होत्या.

बाक पहिलीच्या वर्गातलं होतं. दोघांचे गुडघे कानाशी आले. मधली जागा एवढी होती की जिराफ सहज बसला असता.

गोष्टीत कोंबडी आणि खेकडा मिळून पाण्याचा हंडा नेतात. कोंबडी चालते सरळ, खेकडा आडवा, त्यामुळे हंडा घराभोवती गोल गोल फिरतो. बाईंनी कोंबडीचा आवाज काढला आणि तेइकोची ओळच चुकली. हा आवाज त्यानं किती वर्षांत इतक्या जवळून ऐकला नव्हता! मुलांना वाटलं, खेकडा मुद्दामच गोंधळलाय. ती हसून हसून एकमेकांवर पडली.

"कोंबडीला त्याचा राग नाही येत?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

"येतो की," बाई म्हणाल्या. मान ताठच होती. "पण हंडा जड असतो."

मंडळाच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. जिराफ रद्द झाला.

मुलं गेली. क्वार्टेसाहेब पाहुण्यांना पोचवायला गेले. बाकावर दोघंच उरली, कारण गुडघ्यांमुळे उठता येईना. तेइको समोरच्या फळ्याकडे बघत राहिला. फळा कोरा होता.

"मान," तो म्हणाला. फळ्यालाच पुन्हा म्हणाला, "मान सुरेख आहे. म्हणून काढली."

बाईंची मान आणखी ताठ झाली. मग, फळ्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आज जेवायला खेकडा पाठवते. चालेल ना हो?"