माथ्यावरचं भोक

“दिसलं? चंद्रावर, काळ्या सावलीच्या कडेला, पुऱ्या फुगल्यासारखं?” मी दुर्बिणीपाशी वाकलेल्या बाबांना विचारलं.

ताई स्वतःच्या पसंतीने लग्न करून गेली, त्या दिवसापासून आमच्या परसाच्या फाटकाला कुलूप होतं. शाळा सोडली तर माझं जग पेरूच्या झाडापासून फाटकापर्यंत. शनिवारी टेकडीवर शाळेचं आकाशदर्शन शिबिर होतं, त्यात चंद्रावर बोलायला सरांनी मलाच निवडलं होतं. मला तर आत्तापासूनच टाळ्या ऐकू येत होत्या. “चंद्र परसातूनही दिसतो,” एवढ्यावर बाबांनी विषय संपवला. म्हणून आज मी त्यांनाच दुर्बिणीपाशी आणलं.

“ते ज्वालामुखीचे घुमट, बाबा. आतला लाव्हा वर यायला धडपडला, म्हणून जमीन फुगली.”

“पण फुटली नाही ना? गुणाची आहे. शीक काहीतरी.”

“नीट बघा की. माथ्यावर बारीकसं भोक आहे. तिथूनच तो बाहेर पडला.”

बाबांचा हात खिशातली फाटकाची किल्ली चाचपून तिथेच थांबला. डोळा मात्र त्यांनी भिंगावरून काढला नाही. ते अजून भोक शोधत होते.