अर्ध्या तासाची तूट

"जा, एकदा खाली जाऊन बघ," सासरे तिसऱ्यांदा म्हणाले. "तो सिलिंडरवाला कोपऱ्यावर घर शोधत उभा असेल."

नाकातल्या नळीमुळे त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुमत होतं. त्याची वायर भिंतीकडे न जाता जमिनीवरच्या करड्या पेटीत शिरली होती.

दहा वाजता वादळानं वीज नेली होती. रस्त्यात झाड आडवं पडलेलं. ते हटल्याशिवाय सिलिंडरची गाडी येणार नव्हती, अँब्युलन्सही नाही. पहिले दोन-तीन फोन झाले आणि घरातली रेंजही गेली. चार मजले उतरून कोपऱ्यापर्यंत गेलं की मिळायची. जाऊन-येऊन पाव तास.

बॅटरीची ती पेटी नवऱ्याची. डोंगरात तंबू ठोकून राहायची त्याला हौस. पेटी घरी आली, तेव्हा सासऱ्यांनी तिला एक प्रदक्षिणा घातली होती. "जंगलात जाऊनही पंख्याखालीच झोपायचं, तर घरानं काय घोडं मारलंय?" आता नवरा कामासाठी परगावी होता, आणि सासऱ्यांचा श्वास त्या पेटीवर चालला होता.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. हिशेब तिनं सकाळीच एका पाठकोऱ्या कागदावर मांडला होता. पेटीत सगळी मिळून एक युनिट वीज. त्यातला दहावा हिस्सा पेटी स्वतःच खाणार. यंत्र तीनशे वॅटचं. म्हणजे तीन तास. एक वाजता शून्य. आणि सिलिंडरवाल्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, दीडच्या आत जमणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, नळी काढू नका, ऑक्सिजन याहून कमी करू नका. तूट अर्ध्या तासाची होती आणि ती कुठूनच भरून निघत नव्हती. तिनं कागद औषधांच्या डब्याखाली सरकवला होता.

"पुरेल ना गं?" सासऱ्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"आरामात, बाबा. दीडपर्यंत सहज पुरेल."

"मग झालं तर." त्यांनी डोळे मिटून घेतले होते. चौतीस वर्षं ते दारोदार फिरून विजेची मीटरं वाचत आले होते.

ती तिसऱ्यांदा खाली गेली. कोपऱ्यावर फोन लागला. "झाड कापायला घेतलंय, ताई. दीड म्हणजे दीड," सिलिंडरवाला म्हणाला. ती धावत वर आली.

"आलीस?" सासरे धापा टाकत हसले. "तुझ्या चपला दुसऱ्या मजल्यावरूनच वर्दी देतात."

तिनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चौऱ्याऐंशी. जाताना ब्याण्णव होते.

"बोटं गार पडलीत," ते म्हणाले. "तुझ्या चिमट्यालाच थंडी वाजतेय."

तिनं त्यांचं बोट तळहातात धरून ठेवलं. आकडा हळूहळू वर सरकला आणि एक्क्याण्णवावर थांबला. मागच्या दोन्ही फेऱ्यांनंतर असंच झालं होतं.

साडेबारा वाजले. हिशेबानं पेटीत सतरा टक्के उरायला हवे होते. ती वाकली. पडद्यावर एकेचाळीस होते.

आनंद व्हायला हवा होता, पण तिनं आकडा पुन्हा वाचला. उत्तर हवं त्यापेक्षा चांगलं आलं तर आधी चूक शोधा, असं ती दरवर्षी मुलांना सांगायची. तिनं कागद काढून पुन्हा आकडेमोड केली. चूक सापडेना. चोवीस टक्के जास्त. चोवीस टक्के म्हणजे जवळजवळ पाऊण तास.

पाव तास, तीनदा.

"जा गं," सासरे म्हणाले. "अजून एकदा बघून ये."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

"जाते," ती म्हणाली. दारात चपला घातल्या. पायऱ्यांवर त्या आपटत, फटाक फटाक करत एक मजला उतरली. मग थांबली. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी, भिंतीला धरून, वर आली.

घरात आवाज नव्हता.

यंत्र बंद होतं. सासरे पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. ओठ जांभळट पडलेले. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, कान दाराकडे. एका हातानं गादी आवळून धरलेली, दुसऱ्या हाताचं बोट यंत्राच्या बटणावर, तयार.

तिनं झेप घेऊन त्यांच्या बोटासकट ते बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं. ते दचकले. आधी तिच्या तोंडाकडे, मग पायांकडे बघत राहिले.

"चपला... कुठं गेल्या तुझ्या?"

"बाबा, काही झालं असतं म्हणजे? मी खाली असताना?"

त्यांनी हातानंच थांब म्हटलं. दम परत यायला वेळ लागला. ती त्यांच्या पायांशी फरशीवर बसली. ओरडायला शब्द जुळवत होती आणि नजर पडद्यावर जात होती. आता सलग चाललं तरी दीडपर्यंत वीज पुरणार होती. तिच्या कागदाप्रमाणे चाललं असतं, तर एकला यंत्र बंद पडलं असतं.

सासऱ्यांनी औषधांच्या डब्याकडे बोट केलं. कागदाचं एक टोक बाहेर आलं होतं.

"पुरेल म्हणाली होतीस ना तू?" ते म्हणाले. "मग पुरवायला नको?"