टाचेखाली

टाचेखाली उशी आली आणि अल्सिडचं पियानो वाजवणंच खुंटलं.

शिकागोच्या स्टुडिओत गाणं भरायच्या मेणाच्या दोन तबकड्या वाया गेल्या होत्या. पहिलीवर पियानोपेक्षा त्याच्या टाचेचे ठोकेच मोठे उमटले. "गाणं वाजवतोयस की घर बांधतोयस?" काचेमागून तबकड्या भरणारा हॅलोरन साहेब कावला. बूट काढून बघितले, तरी जमिनीच्या फळ्या धडधडायच्या त्या धडधडल्याच. मग साहेबानं ही उशी आणून टाकली. तिच्या पायी दुसरी तबकडी गेली. डावा हात एकीकडे, उजवा भलतीकडे.

"आता शेवटची," साहेब म्हणाला. "नाही जमलं, तर दक्षिणेची गाडी संध्याकाळी सुटते. बाहेर दुसरा वाजवणारा बसलाय."

दार लागलं. अल्सिड उठला, बसला, परत उठला. लाकूडतोड्यांच्या छावण्यांत त्यानं माणसं पहाटेपर्यंत नाचवली होती. तिथं ढोल नव्हता, त्याची टाच हाच ढोल. खालची फळी हुंकार द्यायची आणि मग हात आपोआप पळायचे.

"चल ओडेल, जाऊ परत. या उशीत पाय घातला की विहिरीत पडल्यासारखं होतं बघ."

ओडेल त्याची बायको. गाणारी तीच. ती उसळलीच. "परत? त्या चिखलात? शिकागोत आमची तबकडी निघणार म्हणून सगळ्या छावणीला सांगून आलेय मी! आता तोंड कुठं लपवू?"

तिनं उशी लाथाडली. उजव्या पायातला बूट काढला आणि पाऊल त्याच्या टाचेखाली सरकवलं.

"मार."

"वेड लागलंय का तुला? अगं, पाय मोडेल!"

"माझा पाय आहे, माझं मी बघते. आणि हळू मारलंस ना, तर याद राख!"

तबकडी फिरू लागल्याचा लाल दिवा लागला. अल्सिडनं भीतभीत टाच हाणली. आवाज काही झाला नाही. पण खालून हाडानं हुंकार दिला, आणि डावा हात सुटला. ओडेल डोळे मिटून गाऊ लागली. सोडून गेलेल्या माणसाचं गाणं होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत अल्सिड शिकागो विसरला, साहेब विसरला. तिसऱ्या कडव्यात तो पायाखाली काय आहे तेही विसरला.

"जायचं तर जा रे," ओडेल गात होती, "जायचं तर... आई गंऽऽ!"

तिनं कसंबसं कडवं पुरं केलं. दिवा विझला. अल्सिडला तिच्याकडे बघवेना. ही तबकडीही गेलीच असं धरून तो निघायला आपले बूट शोधू लागला.

हॅलोरन साहेब धावतच बाहेर आला.

"ओडेल, ते शेवटचं 'आई गं' कुठून आणलंस? काळीज चिरत गेलं माझं! चला, दुसरं गाणं घेऊ. त्यातही तसंच पाहिजे."

ओडेलनं सुजलेलं पाऊल स्टुलामागे लपवलं. मग ती खाली वाकली आणि दुसऱ्या पायातल्या बुटाची नाडी सोडू लागली.